आधी यादी, मग आवृत्ती

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. जिल्ह्यातल्या एका नामवंत, दिवंगत लेखकाच्या घरच्यांनी त्यांचे सगळे कागद आमच्या स्वाधीन केले आहेत. त्यात हस्तलिखिते, पत्रव्यवहार, कात्रणे आणि काही फ्लॉपी आहेत. पुढच्या वर्षी त्यांची जन्मशताब्दी आहे आणि कार्यकारिणीला तोपर्यंत समग्र वाङ्मय काढायचे आहे. मला हे काम आयुष्यभर करायला आवडेल. जतन आधी करू की संपादन? आणि यावर पोट भरते का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो विचारायला लोक लाजतात. नाही भरत. 'लेखकाच्या कागदांचा संपादक' असे पद आपल्याकडे जवळजवळ कुठेच नाही. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात, वर्गाप्रमाणे अनुदान मिळते, आणि त्या अनुदानातूनच तुमचा पगार निघतो. कॉलेजच्या ग्रंथपालाची स्थिती बरी असते. तेव्हा नेट-सेट द्यायची राहिली असेल तर ती जरूर द्या. हे काम ग्रंथपालाच्या पगाराच्या आडोशाने, संध्याकाळी आणि रविवारी होते. मी तसेच केले, आणि निवृत्तीनंतर जरा मोकळेपणाने केले. ज्या लेखकाच्या कागदांत माझी वर्षे गेली त्यांचे नाव इथे घेत नाही. घरच्यांशी तसे ठरलेले आहे.

मात्र हे ग्रंथपालाचे काम नव्हे, प्राध्यापकांचे आहे, असे कुणी म्हणाले तर मनावर घेऊ नका. डॉ. आंबेडकरांच्या 'द बुद्धा अँड हिज धम्म'च्या छपाईत आणि मुद्रितांच्या, म्हणजे प्रुफांच्या, कामात सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल एस. एस. रेगे होते, पुस्तक बाबासाहेबांच्या पश्चात १९५७ मध्ये बाहेर आले. पुढे सरकारने त्यांचे लेखन खंडाखंडाने काढले, त्याचे पहिले संपादक वसंत मून हे तर महसूल खात्यातले अधिकारी होते. पहिला खंड आला १९७९ मध्ये, म्हणजे लेखक गेल्यावर बावीसेक वर्षांनी. हा आकडा तुमच्या कार्यकारिणीला मुद्दाम ऐकवा.

आता जतन की संपादन. समग्र वाङ्मय एका वर्षात होत नाही. झाले तर ते छापील पुस्तकांचे नुसते पुनर्मुद्रण असते आणि त्याला तुमच्याकडच्या कागदांची गरजच नसते. एका वर्षात नीट होते ती सूची, म्हणजे लेखनाची आणि कागदांची नोंदवार यादी. शताब्दीला सूची काढा आणि सोबत एखादे छोटे अप्रकाशित लेखन द्या. अध्यक्षांना हार घालायला तेवढे पुरते, आणि अभ्यासकाला समग्रपेक्षा सूचीच जास्त उपयोगी पडते. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' (पहिला भाग १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०) आजही आपण उघडतो; त्या काळातली कितीतरी 'समग्र' मात्र रद्दीत गेली.

जतन करताना आणि संपादन करताना मी एकच कसोटी लावत आलो: केलेले उलटवता यायला हवे. चिकटवलेले सोडवता यावे, दुरुस्त केलेले मूळपदावर आणता यावे. तुमच्यानंतर येणाऱ्याला तुमचा हात कुठे कुठे लागला ते दिसले पाहिजे. पुढचे सगळे यातूनच निघते.

पेटी उघडल्यावर पहिला मोह आवराआवरीचा होतो. पत्रे एकीकडे, कथा एकीकडे, बिले केरात. तसे करू नका. प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो घ्या, मग वरून खाली क्रमाने काढा आणि त्याच क्रमाने नोंदवा. किराणा मालाच्या बिलाच्या पाठीवर कथेचा आराखडा असतो, हे तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कळेल. क्रमांक मऊ पेन्सिलीने, पानाच्या मागच्या कोपऱ्यात लिहा. आणि वाचनालयाचा रबरी शिक्का हस्तलिखितावर मारायचा नाही. आपल्या जमातीला शिक्क्याचे फार प्रेम. मी पानाच्या ऐन मध्यावर, अक्षरांवर मारलेले शिक्के पाहिले आहेत.

गंजलेल्या टाचण्या सगळ्यात जास्त छळतात. टाचणी सरळ ओढली की गंजाबरोबर कागदाचा तुकडा येतो. पारदर्शक पॉलिस्टर फिल्मची बोटभर पट्टी कापा, ती टाचणी आणि कागद यांच्यामध्ये सरकवा, पुढे-मागे हलकेच हलवून गंज सुटा करा, मग पान पालथे करून दुसऱ्या बाजूनेही तेच करा. टाचणी आता पट्टीवरून सरकते, कागदावरून नाही. पण त्याआधी टाचणीने कोणकोणते कागद एकत्र धरले होते ते लिहून ठेवा. माझ्याकडे एका कथेच्या हस्तलिखिताला एका दिवाळी अंकाच्या संपादकाचे पोस्टकार्ड टोचलेले होते: कथा लांब आहे, शेवट कापतो. ते कार्ड 'पत्रे' या गठ्ठ्यात गेले असते तर छापील कथेचा शेवट असा तुटका का, हे कधीच कळले नसते.

सोलापूरच्या हवेचे दोन गुण आहेत. कोकणासारखी बुरशी इथे धरत नाही, पावसाळ्याचे दिवस सोडले तर. पण उन्हाळा कागद भाजून काढतो. गेल्या शतकातला स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले लिग्निन आणि कागदाला लावलेली तुरटी-राळ यांमुळे तो आतूनच आम्लाने कुजत असतो, आणि उष्णतेने ही क्रिया झपाट्याने वाढते. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई होती, तेव्हाची मराठी पुस्तके तर हातात घेतली की कोपरे झडतात. म्हणून पेट्या पत्र्याखालच्या वरच्या खोलीत नकोत. माळवदाच्या खोलीतही नकोत, तिथे माती गळते आणि पावसात पाणीही. तळमजल्यावरची, उत्तरेकडची, जाड भिंतीची खोली मागा. कपाट भिंतीपासून हातभर पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर ठेवा. वाळवी भिंतीच्या आडोशानेच येते. कसर लागलेले कागद उन्हात वाळवायचा सल्ला घरोघरी मिळेल. पापड-कुरडयांना ते ठीक आहे. कागद उन्हात पिवळा पडतो आणि शाई उडते. डांबराच्या गोळ्याही नकोत. जुन्या पोथ्यांत वेखंडाची पुरचुंडी असायची, ती ठेवा हवी तर. पण खरे औषध म्हणजे दर महिन्याला कपाट उघडून पाहणे.

डकवायला सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही, आणि लॅमिनेशन तर मुळीच नाही. फाटलेल्या पानाला पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावतात. खळ म्हणजे काय हे सोलापूरकराला सांगायला नको, सुताला ती देणारी घरे अजून आहेत. ती पाण्याने सुटते, म्हणूनच ती वापरायची. फक्त आधी कोपऱ्यातल्या एखाद्या अक्षराला ओल्या कापसाचा ठिपका लावून टिपकागदाने टिपून पाहा. पेनातली निळी शाई कित्येकदा लगेच पसरते. तशी पसरली तर ते पान आपण हातात घ्यायचे नाही, जाणकाराकडे द्यायचे. दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात कागद जपण्याचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम होतात. एकदा जाऊन याच. मोडी येत नसेल तर तीही शिका, राज्याचा पुराभिलेख विभाग वर्ग घेतो. लेखक विसाव्या शतकातले असले तरी त्यांच्या वडिलांचे हिशेब आणि घरची कागदपत्रे मोडीत निघतात, आणि चरित्राची निम्मी माहिती तिथे असते.

स्कॅनिंगबद्दल फार लिहीत नाही, त्याची माहिती सगळीकडे मिळते. मूळ प्रतिमा टिफमध्ये, वापरायची प्रत पीडीएफमध्ये, एक प्रत इमारतीबाहेर. फ्लॉपींबद्दल मात्र लिहायला हवे, कारण ही अडचण मराठीची स्वतःची आहे. त्या काळातला मजकूर बहुधा श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फाँटात, पेजमेकरमध्ये बसवलेला असतो. फाइल उघडली तरी पडद्यावर चिन्हांचा गोंधळ दिसतो, कारण ते युनिकोड नाही. त्या फाँटात एका रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवलेला असतो. रूपांतराची साधने आहेत, पण ती नेमकी रफार, 'ऱ्या' आणि ऱ्हस्व वेलांटीपाशी घसरतात. 'वाऱ्यावर'चे 'वार्यावर' होते, 'सर्व'चा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून रूपांतरित मजकूर छापील प्रतीशी एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने ताडायचा, मोठ्याने. आणि मूळ फाइल, ती वाचता येत नसली तरी, आहे तशीच जपून ठेवायची.

इथपर्यंत ग्रंथपाल. आता संपादक.

आपल्या भाषेतला या कामाचा मूळपुरुष एकनाथ. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि शेवटी बजावले की या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असे समजा. मला त्यांचे हे पथ्य शंभर टक्के मान्य आहे. पण नाथांनी कोणते पाठ नाकारले, ते आपल्याला दिसत नाही. म्हणून तर इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपल्याला सापडलेली प्रत एकनाथपूर्व मानून छापली, तेव्हा एवढा गदारोळ झाला. नाथांच्या काळी पाठभेदांच्या तळटीपा देण्याची रीत नव्हती. आपल्याला ती सबब नाही.

आपल्या गावचा राम जोशी घ्या. त्याच्या लावण्या तमासगिरांच्या बाडांतून आणि गळ्यांतून आल्या. शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्या गोळा करून छापल्या म्हणून हाताशी राहिल्या. पण तिथे मूळ हस्ताक्षर समोर नाही, म्हणून 'खरा पाठ' असे म्हणायला जीभ धजत नाही. तुमच्यापुढे उलटी अडचण असणार आहे: एकाच लेखकाचे एकाच मजकुराचे तीन-तीन पाठ, आणि तिन्ही खरे.

माझ्याकडच्या एका कथेत गिरणीच्या चाळीतला एक माणूस दुसऱ्याला म्हणतो, 'काय करायलास बे, भोंगा झाला की.' हे वहीत. दिवाळी अंकात ते 'काय करतोयस रे, भोंगा झाला की' असे छापले गेले. पुस्तकात 'काय करतोस रे, भोंगा वाजला ना!' पहिल्या वाक्यात सोलापूर आहे, तिसऱ्यात कुणीच नाही. आता वाटेल की वहीतले घ्या, प्रश्न मिटला. पण पुस्तकाची मुद्रिते माझ्याकडे होती. पहिल्या काही पानांवर लेखकाने 'रे' खोडून 'बे' केले आहे, 'करतोस' खोडून 'करायलास' केले आहे. पुढे खुणाच नाहीत. ते पुढे दमले, की त्यांनी प्रकाशकाचे म्हणणे मान्य केले? हे कागद सांगत नाही आणि संपादकाने ते लेखकाच्या तोंडी घालायचे नसते. मी निवेदनाला पुस्तकाची प्रत आधार धरली, कारण तिच्यावर लेखकाचा हात फिरल्याचा पुरावा होता. संवादांना वहीची प्रत धरली, कारण मुद्रितांवरच्या त्या थोड्या खुणा त्याच दिशेला बोट दाखवत होत्या. आणि प्रत्येक बदल तळटीपेत दिला. हा माझा निर्णय. दुसऱ्या कुणाला तो पटला नाही तर तळटीपांवरून तो पुस्तकातला पाठ जशाच्या तसा परत उभा करू शकतो.

शुद्धलेखनाचे भांडण तुमच्याकडेही होईल. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२चे, त्यांत १९७२ मध्ये भर पडली. त्याआधीचे लेखन 'घरांत', 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वारांनी भरलेले असते. मुद्रितशोधकाला ते काढायची घाई असते. सगळे काढू नका. 'केलें' हे नपुंसकलिंगी एकवचन आणि 'केले' हे पुल्लिंगी अनेकवचन, असा फरक तो अनुस्वार दाखवत होता; लांब वाक्यात कर्म कोणते हे कधी कधी त्यावरच कळते. पद्यात तर ऱ्हस्व-दीर्घालाही हात लावायचा नाही, वृत्त मोडते. माझे मत असे: शाळा-कॉलेजांतल्या वाचकासाठी आवृत्ती असेल तर गद्य आजच्या नियमांनी छापा, पण प्रस्तावनेत तसे स्पष्ट लिहा आणि एका प्रकरणाचा मूळ पाठ नमुना म्हणून शेवटी द्या. अभ्यासकांसाठी असेल तर एक अनुस्वारही हलवू नका. दोन्ही वाचकांना एकाच आवृत्तीत खूश करायला गेलात तर दोघेही रागावतील.

टिपा लिहिताना सोलापूर आपल्याला फार ओळखीचे आहे, हीच अडचण होते. पत्रात 'मार्शल लॉच्या आधी आम्ही तिकडे राहत होतो' असे वाक्य येते. आपल्याला ते १९३०, हे सांगावे लागत नाही. नागपूरच्या वाचकाला लागते. 'चार हुतात्मे' म्हटले की मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि १२ जानेवारी १९३१ ही तारीख आपल्या डोळ्यांपुढे येते. बाहेरच्याला नुसता चौक वाटतो. 'गड्डा', 'जुनी मिल', 'भोंगा', या सगळ्यांना टीप हवी. टिपा लिहून झाल्या की बाहेरगावच्या एखाद्या मित्राला मजकूर वाचायला द्या आणि तो जिथे अडेल तिथेच टीप ठेवा. तुमच्याकडे कानडी-तेलुगू पत्रेही निघतील. त्यांचा सारांश मराठीत करून मूळ पत्र बाजूला टाकू नका. मूळ लिपीत छापा, खाली अनुवाद द्या.

दिवाळी अंकांसाठी मात्र पायपीट आहे. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढल्यापासून मराठी लेखकाचे निम्मे लेखन आधी तिथे येते, आणि वाचनालये नेमके तेच अंक आधी रद्दीत काढतात. तुमच्या लेखकाचे लेखन कुठल्या अंकात आले हे मानधनाच्या पत्रांवरून आणि मनीऑर्डरच्या कुपनांवरून लागते. ती कुपने फेकू नका, एवढ्यासाठीच वर बिलांबद्दल लिहिले. स्थानिक दैनिकांच्या रविवार पुरवण्याही बघा. 'संचार'सारख्या आपल्या पत्रांत सोलापूरच्या लेखकांचे बरेच लेखन आहे, आणि ते पुस्तकात कधी आलेलेच नसते.

कायद्याचे लवकर उरकतो, पण हे टाळू नका. कागद तुमच्या कपाटात आले म्हणजे छापायचा हक्क आला असे नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतो. लेखक १९९८ मध्ये गेले असतील तर २०५८ अखेरपर्यंत. हयातीत न छापलेले लेखन पुढे प्रसिद्ध झाले तर त्याची ६० वर्षे प्रसिद्धीपासून मोजतात. त्याहून गोम पत्रांची. लेखकाला आलेल्या पत्रांचा कागद लेखकाचा, मजकुराचा हक्क मात्र पत्र लिहिणाऱ्याचा. म्हणजे पत्रव्यवहाराचा खंड काढायचा तर जितके पत्रलेखक तितकी परवानगीपत्रे. दानपत्र करताना सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, लग्न होऊन गेलेल्या मुलींच्यासुद्धा, आणि सोबत कागदांची यादी जोडा. 'थोरल्या भावाने सही केली, तेवढी पुरे' असे तुम्हाला सांगतील. पुरत नाही.

घरचे कधीतरी एखादी वही परत मागतील, किंवा 'हे एवढे काढून टाका' म्हणतील. जाळू देऊ नका आणि छापूही नका. लिफाफ्यात बंद करून वर तारीख घाला: अमुक सालापर्यंत उघडू नये. घरच्यांची सही, तुमची सही. लोक याला सहसा तयार होतात. त्यांना भीती आजची असते. डायरीत जिवंत माणसांबद्दल काही असेल तर कुणी न मागताही तसेच करा. गाळलेल्या जागी पुस्तकात तीन टिंबे देऊन मोकळे होऊ नका, कारण लेखकही टिंबे वापरतात. चौकटी कंसात 'येथे संपादकाने मजकूर वगळला आहे' असे लिहा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, जी अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. सूची तयार झाली की मुखपृष्ठावर संपादक म्हणून नाव कुणाचे, हा विषय छपाईच्या आदल्या आठवड्यात निघतो, आणि तेव्हा अध्यक्ष, कार्याध्यक्ष आणि देणगीदार तिघेही खोलीत असतात. तो विषय आत्ताच, काम सुरू व्हायच्या आधी, कार्यकारिणीच्या सभेत मांडा. संपादन तुमचे, अध्यक्षांची प्रस्तावना, देणगीदाराचे ऋणनिर्देशात पूर्ण पान, असा ठराव करून इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत स्वतःकडे ठेवा. शिक्का तिथे खुशाल मारू द्या.